वेंडेलची पितळी सळई

वेंडेल क्विस्टने कुणाला नकार दिल्याचं आमच्या गावात कधी कुणी ऐकलं नव्हतं. मला त्याचा राग येतो तो याचसाठी. माणसाने चांगलं असावं, पण लोकांनी आपली बंद पडलेली फ्रिजं त्याच्या परसात आणून टाकावीत इतकं चांगलं असू नये.

तो आला होता एका हिवाळ्यापुरता. त्याचे काका आर्विड म्हणजे आमच्या स्प्रूस लँडिंगचे बंदुका दुरुस्त करणारे. बर्फावरून घसरून त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं, म्हणून त्यांनी मिनेसोटाहून या पुतण्याला बोलावून घेतलं. बर्फ वितळलं की परत जायचं, असं ठरलं होतं. बर्फ वितळलं तेव्हा साल्मन माशांचा हंगाम सुरू झाला आणि नाववाल्यांच्या बंदुका खाऱ्या पाण्याने गंजून दुकानात आल्या. मग मूस नावाच्या थोराड हरणांच्या शिकारीचे दिवस आले. मग काका वारले. प्रत्येक वेळी कुणीतरी दारात उभं राहून म्हणायचं, "वेंडेल, एवढं एकच काम करून दे, मग खुशाल जा." तो करून द्यायचा. असं करता करता त्याचे केस पांढरे झाले.

जायचं मात्र तो विसरला नव्हता. दुकानाच्या मागे त्याने एक राहायचा ट्रेलर आणून ठेवला होता. ट्रकला जोडायचा आणि थेट ॲरिझोनात बहिणीकडे जायचं, हा त्याचा बेत. "तिकडे कपडे वाळत घातले की वाळतात म्हणे, नोरीन," असं तो मला इतक्या भक्तिभावाने सांगायचा की हसावं की रडावं कळायचं नाही. आमच्याकडे पाऊस नसला तर धुकं असतं आणि धुकं नसलं तर बर्फ. त्याचे गुडघे दमटपणाने पार कामातून गेले होते.

ट्रेलरच्या मागे डोंगराचा कडा, एका अंगाला गॅसच्या मोठ्या टाक्या. बाहेर काढायला दुकानाच्या कडेची एकच वाट. तिथे गवत गुडघ्याएवढं वाढलं होतं. आणि ट्रेलरच्या आत लोकांचं सामान. कुणाची मूसची शिंगं, कुणाची फाटकी जाळी, कुणाच्या मेलेल्या सासूचं शिवणयंत्र. "तुझा ट्रेलर रिकामाच आहे ना, वेंडेल?" असं विचारलं की तो म्हणायचा, "हो, ठेव की."

सगळ्यांत जास्त गळ्यात पडायचा तो माझा धाकटा भाऊ, गॅरेट. गॅरेट अस्वलाच्या शिकारीचा वाटाड्या. बाहेरून येणाऱ्या शिकाऱ्यांना घेऊन तो नदीच्या वरच्या अंगाला जातो आणि त्याच्या कॅम्पवर मी स्वयंपाक करते. भाऊ माझा असला तरी सांगते, दणकट, प्रेमळ आणि महामूर्ख. लहानपणी वडील म्हणाले होते, गोठ्याच्या आढ्याचं लाकूड कुजलंय, वर जाऊ नका. हा वर गेला, आणि कुजलेलं नाही हे दाखवायला उड्या मारल्या. छपरासकट खाली आला. हसळीचं हाड मोडलं, तरी म्हणत होता, "पहिल्या उडीला कुठे मोडलं?" त्याला कुठलीही गोष्ट मोडेल म्हणून सांगायची सोय नाही. सांगितलं की तो ती मोडून बघणारच.

गॅरेटच्या छातीवर चामड्याच्या म्यानात एक रिव्हॉल्व्हर कायम असतं. पाच गोळ्यांचं, माझ्या लाटण्याएवढं लांब. झुडपातून अस्वल अचानक अंगावर आलं तर रायफल खांद्याला लावायला वेळ मिळत नाही, त्यासाठी ते. पण त्याची गोळी एवढी जबर की प्रत्येक बाराला मनगटाला हिसका बसतो. इतक्या वर्षांत गॅरेटचं मनगट खिळखिळं झालं होतं. कॉफीचा मग धरतानाही तो डाव्या हाताचा आधार द्यायला लागला, तेव्हा मीच म्हटलं, "त्या तोफेला ब्रेक तरी बसवून घे."

ब्रेक म्हणजे नळीच्या तोंडाशी आट्यांवर फिरवून बसवायची एक लोखंडी टोपी. तिला वरच्या बाजूला भोकं असतात. बार उडाला की धूर आणि वाफ त्या भोकांतून वर उसळते, त्यामुळे नळी उसळत नाही आणि हिसका कमी होतो. गोळी टोपीच्या बरोबर मधून जायला हवी. टोपी एका केसाने जरी कलली तरी गोळी आतल्या कडेला घासते, आणि तेवढ्या वेगाची गोळी घासली की टोपी फुटते.

आर्विडकाकांचा एक नियम होता. आधी आतून सरळ, मग वरून सरळ. पितळेची सळई नळीतून घालायची, ती टोपीतून अलगद बाहेर आली पाहिजे आणि चहूबाजूंनी फट सारखी दिसली पाहिजे. पण आमच्या गावातली गिऱ्हाइकं काही सळई घालून बघत नाहीत. ती बंदूक डोळ्यासमोर धरतात आणि भोकं नळीवरच्या माशीच्या, म्हणजे नेम धरायच्या उंचवट्याच्या, रेषेत आहेत का, तेवढं बघतात. रेषेत असतील तर कारागीर चांगला. नसतील तर चार लोकांत चेष्टा.

गॅरेट रिव्हॉल्व्हर घेऊन वेंडेलकडे गेला तो कॅम्पला निघायच्या आदल्या दिवशी. आधी आठवण झाली नाही. दुसऱ्या दिवशी न्यायला गेला तेव्हा टोपी बसवून झाली होती, पण भोकं माशीच्या थोडी डावीकडे येत होती. पुढचं सगळं मला वेंडेलने नंतर सांगितलं.

"हे काय, वाकडं बसवलंस की!" गॅरेट म्हणाला.

"टोपीची बसायची कड थोडी घासावी लागेल. लेथवर घासली तरच ती चौफेर सारखी घासली जाते. आणि लेथचा पट्टा तुटलाय. नवा पट्टा बोटीने येतोय."

"पट्ट्यासाठी विमान थांबतंय का? कानस घे आणि घास की हाताने. हात काय गहाण ठेवलेत?"

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, जा बाबा, पुढच्या खेपेला ये. वेंडेलने कानस घेतली. गॅरेट डोक्यावर उभा राहून शीळ घालत होता. हाताने घासलं आणि टोपी परत फिरवून बसवली. भोकं अगदी माशीच्या रेषेत आली. गॅरेटने डोळ्यासमोर धरून बघितलं, खूश झाला, वेंडेलची पाठ थोपटली. वेंडेलने घाईघाईने सळई घातली तेव्हा त्याला एका बाजूची फट दिसेनाशी झाल्यासारखी वाटली.

"थांब, गॅरेट. केसभर कललीय बहुतेक."

"केसभर! तुझे केस मोजत बसलो तर हंगाम जाईल." आणि सळई काढून त्याच्या हातात देऊन, रिव्हॉल्व्हर छातीवर अडकवून माझा भाऊ धक्क्याकडे चालता झाला. नेहमी दुकानामागच्या वाळूच्या पिंपात दोन बार उडवून बघतात, तेही राहिलं.

आता गंमत बघा. मी विमानात डबे आणि पिठाची पोती रचत होते. पाण्यावर उतरणारं ते छोटं विमान, त्यात माणसांपेक्षा बटाटेच जास्त. तेवढ्यात वेंडेल धक्क्यावरून लंगडत धावत आला. अंगात कामाचाच कोट, हातात काही नाही.

"मी येतो," तो म्हणाला.

"कुठे?" मी विचारलं.

"कॅम्पवर. गॅरेटच्या रायफली बघून देतो तिथेच."

गॅरेटला आनंदाचं भरतं आलं. "इतकी वर्षं बोलावतोय, आत्ता मुहूर्त लागला का? चढ, चढ!" मलाही आश्चर्य वाटलं. वेंडेलला शिकारीचा कंटाळा, नावेचा कंटाळा, आणि विमानाची तर भीती. डोळे मिटून तो सबंध वाट बटाट्यांच्या पोत्याला धरून बसला होता.

आम्हाला उतरवून विमान गेलं. शिकारी मंडळी दुसऱ्या खेपेला यायची होती. पण विमान डोंगराआड गेलं आणि धुकं जे खाली उतरलं ते तळ्यावर, झाडांवर, केबिनच्या छपरावर येऊन बसलं. रेडिओवर वैमानिक टोबायसचा आवाज आला, "काहीच दिसत नाही, निवळलं की येतो." म्हणजे आम्ही तिघं, एक खोली, एक शेगडी आणि खिडकीला चिकटलेलं पांढरं धुकं.

वेंडेल गॅरेटच्या पाठोपाठ फिरू लागला. गॅरेट लाकडं फोडायला गेला की हा मागे. गॅरेट नावेतलं पाणी उपसायला गेला की हा काठावर. संडासाला गेला तरी हा वाटेत उभा.

"काय रे, प्रेमात पडलास की काय माझ्या?" गॅरेट म्हणाला.

"पाय मोकळे करतोय."

"तुझे पाय? ते तर कुरकुरतात. अस्वलाला लांबून ऐकू जाईल."

जेवताना वेंडेल हळूच म्हणाला, "ते रिव्हॉल्व्हर दे जरा, पुसून ठेवतो. धुक्याने गंज चढेल."

"तुझ्या हातात दिलं की पुढच्या नाताळला मिळणार," गॅरेट पाव मोडत म्हणाला. "राहू दे छातीवर. त्याच्याशिवाय मला झोप येत नाही." आणि खरंच तो ते घेऊनच झोपायच्या पिशवीत शिरायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी केबिनभोवती पावलं उमटलेली दिसली. माझी डुकराच्या चरबीची पत्र्याची डबी, जी मी मूर्खासारखी पायरीवर ठेवली होती, ती चाटूनपुसून चपटी करून टाकलेली. पावलात माझा तवा बसेल एवढं ते पाऊल. गॅरेट खाली बसून ते निरखत होता आणि त्याचा हात आपोआप छातीवरच्या रिव्हॉल्व्हरच्या मुठीकडे गेला. मी सहज वेंडेलकडे बघितलं. त्याचं तोंड पिठासारखं पांढरं पडलं होतं. अस्वलाला भिणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत. ती झाडीकडे बघतात. हा गॅरेटच्या हाताकडे बघत होता.

मी त्याला भांडी विसळायच्या निमित्ताने पाण्यावर नेलं. "बोल," म्हटलं. "पोटात काय आहे ते बाहेर काढ, नाहीतर या पाण्यात बुडवते."

त्याने सगळं सांगितलं. कानस, कललेली टोपी, दिसेनाशी झालेली फट.

"बार उडाला तर काय होईल?"

"काहीच होणार नाही, असंही होईल," तो म्हणाला. "किंवा टोपी फुटेल आणि तुकडे उडतील. तोंडासमोर हात असतो, नोरीन. डोळे असतात. आणि ज्याच्यावर बार काढायचा ते अस्वल तसंच पुढे येईल."

मी हातातलं भांडं पाण्यातच सोडलं. "मग सांगत का नाहीस मेल्या त्याला?"

"सांगितलं तर तो काय करेल?"

काय करेल ते मला दिसतच होतं. अजून त्याने ते उडवलं नव्हतं, कारण शिकारी येण्याआधी कॅम्पवर बार काढायचा नाही असा सगळ्याच वाटाड्यांचा रिवाज आहे, जनावर लांब जातं. पण वेंडेलने सांगितलं असतं, तर गॅरेटने रिवाज गुंडाळून ठेवला असता. "केसभर होय? बघ!" म्हणून तिथल्या तिथे आकाशात बार. गोठ्याच्या आढ्यावरच्या उड्या मला आठवल्या. सांगितलं तरी धोका, न सांगितलं तरी धोका. आणि निघून जायला वाट नाही.

"मला फक्त ते एकदा हातात मिळायला हवं," वेंडेल म्हणाला. "टोपी काढून टाकतो. मग देईल त्या शिव्या खाईन."

"लोक काय म्हणतील याची भीती वाटत नाही?"

तो जरा हसला. "लोक म्हणतील, याच्याकडे बंदूक देऊ नका. कुणी देणार नाही. मग मला जाता येईल, नाही का? ते चालेल मला. पण त्याचा हात गेला, डोळा गेला, तर मी इथून हलू शकेन का? ज्याला आंधळं केलं त्याच्या गावातून माणूस जातो कुठे? जन्मभर त्याची लाकडं फोडत बसावं लागेल."

त्या दिवशी मीही प्रयत्न केला. जेवायच्या टेबलावर म्हटलं, "माझ्या स्वयंपाकघरात ते छातीवर घेऊन बसायचं नाही. काढ आणि खुंटीला अडकव."

"आई पण हेच म्हणायची," गॅरेटने हसून आणखी रस्सा वाढून घेतला. "आईचंही मी ऐकलं नव्हतं."

धुकं हलेना. दिवसभर ते केबिन मला बरणीसारखं वाटत होतं, झाकण घट्ट लावलेल्या. कुठेतरी फांदी मोडल्याचा आवाज यायचा, गॅरेटचा हात मुठीवर जायचा, वेंडेल उभा राहायचा आणि मी हातातलं काम तसंच धरून बसायचे. मग काही नाही म्हणून तिघं परत खाली बसायचो. गॅरेट तेवढा मजेत होता. त्याला वाटत होतं आम्ही अस्वलाला घाबरतोय. "मी आहे ना," असं तो आम्हाला धीर देत होता, आणि त्याने धीर दिला की मला रडू यायचं.

तिसऱ्या सकाळी पाणी संपलं. पाण्याची वाट उंच झुडपांतून जाते. गॅरेट पुढे निघाला, वेंडेल त्याच्या पाठीला चिकटून, आणि मी मागे दोन पत्र्याच्या बादल्या घेऊन. मी म्हटलं, "रायफल घे." तो म्हणाला, "पाणी आणायला कसली रायफल?" ती दाराशी टेकलेली राहिली.

वळणावर अस्वल उभं होतं.

धुक्यातून ते आलेलं दिसलंच नाही. आधी नुसता काळपट ढीग, मग त्या ढिगाला डोकं आलं. आमच्या केबिनच्या दारापासून शेगडीपर्यंत जेवढं अंतर, त्याच्या दुप्पटही नसेल. त्याने नाकातून हवा सोडली आणि मान खाली घातली. गॅरेटने रिव्हॉल्व्हर उपसलं. एवढं जड शस्त्र, पण ते त्याच्या हातात असं आलं की मला दिसलंही नाही.

आणि वेंडेलने, ज्याचे गुडघे पायरी चढताना कुरकुरतात त्या वेंडेलने, मागून झेप घेऊन उजव्या मुठीत ते रिव्हॉल्व्हर पकडलं. नळी नाही, मनगट नाही. मधलं गोळ्यांचं फिरतं चक्र. घोडा मागे ओढलेला नसेल तर ते चक्र फिरल्याशिवाय चाप दाबला जात नाही. सगळं आयुष्य ज्याने ती चक्रं फिरवून बघण्यात घालवलं, त्याला ते कुठे धरायचं हे बघावं लागलं नाही.

"सोड!" गॅरेट दातांतून म्हणाला.

"नाही," वेंडेल म्हणाला.

मी तो शब्द ऐकला. अस्वल समोर असतानाही मला आधी तोच ऐकू आला.

"वेंडेल, सोड, मरशील!"

"नाही. नाही सोडणार."

दोघं एकमेकांच्या अंगावर रेलून उभे, बंदूक दोघांच्या मध्ये, आणि अस्वल बघतंय. मी काय केलं मला नीट आठवत नाही. दोन्ही बादल्या एकमेकींवर आपटत मी पुढे गेले आणि माझ्या नवऱ्याला, देव त्याला शांती देवो, कधी दिल्या नव्हत्या अशा शिव्या त्या अस्वलाला दिल्या. अस्वल मागच्या पायांवर उभं राहिलं. मला त्याच्या ओठाला लागलेली पानं दिसली. मग ते खाली बसल्यासारखं झालं, वळलं आणि आमचा कंटाळा आल्यासारखं झुडपात निघून गेलं.

बराच वेळ फांद्यांचा आवाज येत राहिला. तो थांबला तेव्हा गॅरेटने रिव्हॉल्व्हर हिसकून घेतलं आणि वेंडेलच्या तोंडावर ठोसा मारला. वेंडेल ओल्या पानांत पडला.

"डोकं फिरलंय तुझं? तिघंही मेलो असतो!"

"हो," वेंडेल म्हणाला. ओठातून रक्त येत होतं. त्याने कोटाच्या आत हात घातला आणि पितळेची सळई बाहेर काढली. ती तो गावापासून उराशी घेऊन हिंडत होता. "गोळ्या काढ. ही घालून बघ. आधी बघ, मग मार."

गॅरेटने गोळ्या काढल्या, तो रागातच. सळई नळीत घातली. ती सरसर आत गेली आणि टोकाशी टक् करून अडली. त्याने परत दाबली. परत टक्. त्याने रिव्हॉल्व्हर डोळ्यासमोर धरलं. वरची भोकं माशीच्या अगदी रेषेत होती.

माझा भाऊ तिथेच चिखलात खाली बसला. सळई त्याने पुन्हा पुन्हा घालून बघितली, जणू कधीतरी ती बाहेर येईल. मग म्हणाला, "मला सांगितलं का नाहीस?"

मी आणि वेंडेलने एकमेकांकडे बघितलं. "तू उडी मारली असतीस," मी म्हटलं. त्याला कळलं. केबिनवर आल्यावर त्याने आपल्या हाताने वेंडेलला कॉफी ओतून दिली, दुखऱ्या मनगटाने, अर्धी बाहेर सांडत.

त्याच दुपारी धुकं उठलं, टोबायस आला आणि वेंडेलला सोडायला आम्ही सगळेच गावात परतलो. परतीच्या विमानात वेंडेलचे डोळे उघडे होते. गाल सुजलेला, एक दात हलतोय, आणि हा माणूस चक्क गुणगुणत होता. "आता कोण येतंय माझ्याकडे," तो मला म्हणाला. इतका हलका झालेला मी त्याला कधी पाहिला नव्हता.

गावात गेल्या गेल्या त्याने ट्रेलर उघडला आणि लोकांचं सामान ज्याचं त्याला नेऊन दिलं. शिंगं दिली, जाळी दिली, शिवणयंत्र दिलं. गवत कापलं. बहिणीला फोन केला. गॅरेटच्या मनगटाला आराम म्हणून शिकाऱ्यांबरोबर दुसरा वाटाड्या जाणार होता; त्यांच्या स्वयंपाकासाठी मी कॅम्पवर परत गेले तेव्हा मनात म्हटलं, मी येईन तोवर हा निघून गेलेला असेल. वाईट वाटलं, पण बरंही वाटलं.

इकडे गॅरेटने गावभर काय केलं ते मला परत आल्यावर कळलं. लपवाछपवी त्याच्या स्वभावात नाही. दारूच्या गुत्त्यात, चर्चच्या पायरीवर, धक्क्यावर, त्याने स्वतःची घाई, स्वतःचा हट्ट आणि स्वतःचा ठोसा, सगळं सांगितलं. आणि शेवटी म्हणायचा, "स्वतःच्या कामात केसभर खोट राहिली म्हणून अस्वलापुढे उभा राहणारा कारागीर दुसरीकडे दाखवा मला." लोक ऐकायचे, गहिवरायचे आणि घरी जाऊन कपाटातल्या बंदुका बाहेर काढायचे. खालच्या गावांतूनही लोक येऊ लागले.

ट्रेलर ट्रकला जोडायच्या आधीच, हलणारा दात काढायला गॅरेटनेच वेंडेलला विमानाने शहरात पाठवलं. दोन आठवडे बहिणीच्या ओळखीच्यांकडे आराम कर म्हणाला. मी आणि तो एकाच दिवशी परत आलो. धक्क्यावर अख्खं गाव उभं. गॅरेटने वेंडेलच्या डोळ्यांना रुमाल बांधला आणि हाताला धरून दुकानापर्यंत नेलं.

रुमाल सोडला. दुकानाला एक नवी खोली जोडली होती. ताज्या स्प्रूसच्या फळ्या, पत्र्याचं नवं छप्पर, आत नवा पट्टा चढवलेला लेथ, आणि थंडीसाठी कोपऱ्यात शेगडी. सगळ्यांनी मिळून राबून बांधली होती. कुणी फळ्या दिल्या होत्या, कुणी खिळे.

"बिचारा वेंडेल ट्रेलर रिकामा करत होता," गॅरेट सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "जागा पुरत नव्हती त्याला, पण तोंडाने सांगेल तर शपथ! मला कळलं लगेच."

नवी खोली दुकानाच्या कडेला होती. कापलेल्या गवताच्या जागी, ट्रेलर बाहेर काढायच्या त्या एकुलत्या वाटेवर. मागच्या खिडकीतून ट्रेलरचं नाक दिसत होतं, आणि त्याच्या मागे कडा, एका बाजूला टाक्या आणि पुढे ही भिंत.

सगळे वेंडेलच्या तोंडाकडे बघत होते. माझ्या भावाचे डोळे पाण्याने भरले होते. मला ओरडावंसं वाटत होतं. मनात म्हणत होते, बोल, वेंडेल, झुडपात बोललास तो एक शब्द बोल.

वेंडेलने नव्या भिंतीवरून हात फिरवला. "चांगली झालीय," तो म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि केक कापला.

गर्दी पांगल्यावर मी त्याला धरलं. "अस्वलासमोर नाही म्हणालास. इथे काय जीभ झडली होती?"

तो पितळी सळई पुसून नव्या खुंटीला अडकवत होता. "तिथे धरायला काहीतरी होतं, नोरीन," तो म्हणाला. "इथे कुठे धरू?"